शहादेवचा हिस्सा

रेल्वे फाटक, घाटनांदूर
१२ मे १९८७

प्रिय शहादेव,

दस्तगीर मुलाण्याचा सलाम. केसरबाई काकूला माझा नमस्कार सांग.

पत्राला उशीर झाला म्हणून शिव्या देशील, त्या भेटीत दे. रोजे चालू आहेत, वरून हे ऊन. फाटकाच्या खोलीत बसलं तर पत्रा तापतो, बाहेर बसलं तर मी तापतो. दिवसातून चार-सहा गाड्यांना हिरवी झेंडी दाखवायची एवढीच काय ती नोकरी, पण रजा म्हटलं की स्टेशन मास्तरांच्या कपाळाला आठ्या. म्हणून एक काम तुझ्यावर टाकतोय.

अब्बाला जाऊन पावणेदोन वर्षं झाली. मागच्या पोळ्याला अम्मानं पारूबाईकडून बोकडाचं पिलू विकत घेतलं, आठवतं? मला वाटलं म्हातारीला करमत नाही म्हणून घेतलं असेल. आता कळलं की घेतानाच तिनं नियत केली होती. या बकरी ईदला अब्बाच्या नावानं कुर्बानी करायची.

तू विचार कर बे. चाळीस वर्षं त्या माणसानं आख्ख्या गावाच्या बोकडांना सुरी लावली. तुमच्या खंडोबाचा बोकड, कुणाच्या जावळाचा, कुणाच्या नवसाचा. मुलाण्यानं बिस्मिल्ला म्हटल्याशिवाय खळेवाडीत मटणाचं पातेलं चुलीवर चढलं नाही. आणि त्याच्या स्वतःच्या घरची कुर्बानी? एकदासुद्धा नाही. ईदच्या दिवशी चकलांब्याला जाऊन दुसऱ्यांची जनावरं करायची आणि मानेचा तुकडा घेऊन घरी यायचं. अम्मा म्हणते, "तेरे बाप के हात से सबकी हुई. उसके नाम से एक तो होने दे."

पण घरी पाला नाही, पाणी नाही, आणि तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तू शेळी सोसायटीचा सचिव. तुमच्या गोठ्यात बकरी ईदपर्यंत त्याला जागा दे. बाकी अम्माला काय कमी आहे? एकटा जीव, तिला लागतं किती! बोकडाचीच काय ती चिंता.

तुझा,
दस्तगीर


मु. खळेवाडी, पो. चकलांबा
२४ मे १९८७

दस्तगीर बे,

तुझं पत्र पोष्टमननं चकलांब्याच्या बाजारात हातात दिलं. तितंच हाटेलात बसून वाचलं. चाचा डोळ्यापुढं हुबा ऱ्हायला, कानाला इडी खोचलेली, काखंत सुरीचं फडकं. च्या गार झाला माझा.

एवढा कागद कावून खर्चलास? "शहादेव, बोकड सांभाळ" एवढं लिवलं असतं तरी भागलं असतं.

त्याच दिशी जाऊन बोकड आनला. चाची लवकर सोडंना. म्हनली, याला नाव ठेवलेलं न्हाई, कुर्बानीच्या जनावराला नाव ठेवलं की हात मागं येतो. आन हाक काय मारती तर "ए साहेब, ए साहेब!" बोकडबी खरंच तहसीलदारावानी सावकाश मान वळवून बघतो. मला लई हसू आलं.

इकडं हाल पुसू नको. हिरीत खडक दिसतोय. टँकर तिसऱ्या दिशी येतो आन पान्यापरीस भांडनंच जास्त सांडत्यात. सोसायटीच्या चाळीस शेळ्यापैकी काई तर हुबंच ऱ्हात न्हाईत. सुबाभळीचा पाला आनतो लांबून, त्यो बी वाळका. पर तुझ्या बोकडाला मी कमी पडू देनार न्हाई.

एक सांगून ठिवतो. आमच्या दावनीला फकस्त इमा उतरवलेलं जनावर बांधायचं, असा नियम हाय. म्हनून चाचीच्या नावानं नोंद केली आन त्याच्या कानात पितळी बिल्ला मारला. नंबर एकशे सतरा. जनावर मेलं तर त्यो बिल्ला कानासकट कापून इम्याच्या साहेबाला द्यायचा, तवा कुटं ते मेलं असं सरकार मानतं. बिल्ला न्हाई तर मरन न्हाई. हाय का न्हाई गंमत?

चाची मजेत हाय. तिची काळजी करू नको.

तुझा,
शहादेव


घाटनांदूर
८ जून १९८७

प्रिय शहादेव,

पत्र रमजान ईदच्या आदल्या दिवशी मिळालं. शीरखुर्मा खाताना तुझी आठवण निघाली. दोन वाट्या झाल्यावर तिसरी "आईसाठी" म्हणून मागायचास आणि काकूच्या नावावर ओट्यावरच बसून संपवायचास.

बिल्ल्याचं वाचलं आणि माझ्या मनात किडा शिरला. रविवारी अंबाजोगाईला जाऊन मौलवीसाहेबांना विचारून आलो. ते म्हणाले, बिल्ल्यापुरतं बारीक भोक असेल तर काही हरकत नाही. पण कुर्बानीचं जनावर धड लागतं. आंधळं, लंगडं, मुळातून शिंग मोडलेलं चालत नाही. आणि कानाचा मोठा तुकडा गेला असेल तर तेही चालत नाही. अल्लाच्या नावानं देताना आपल्याला नको झालेलं द्यायचं नाही, असा त्यातला अर्थ.

तेव्हा बाबा, बिल्ल्याची जागा चिघळू देऊ नको. हळद लाव. दुसरी जनावरं कान चावतात, त्यांच्यापासून लांब बांध. एवढं लिहिल्याबद्दल हसशील, पण अम्माच्या आयुष्यात ही एकच कुर्बानी होणार आहे.

बकरी ईदच्या दोन दिवस आधी मी येतोच.

तुझा,
दस्तगीर


खळेवाडी
१९ जून १९८७

दस्तगीर,

पत्र पोचलं. इकडं सगळं ठीक. पावसाचा ठिपूस न्हाई.

म्या काय म्हनतो, यंदा कुर्बानी कावून करतोस? असा दुष्काळ. पुढल्या साली चांगलं पीकपानी झाल्यावर थाटात करू. अल्ला काय पळून चाललाय का? चाचीचीबी तब्येत तोळामासा हाय. तिला तू समजावून सांग, तुझं ऐकंल ती.

आन खरं सांगू, मुकं जनावर हाय बे. त्याचा लळा लागलाय समद्यांला. त्याच्या गळ्यावर सुरी ठिवायची म्हंजे कसंतरीच वाटतं. इचार कर.

ज्यास्त काय लिवू.

शहादेव


घाटनांदूर
२८ जून १९८७

शहादेव,

तुझं पत्र हातात धरून बसलो. गाडी आली तेव्हा झेंडीसुद्धा उशिरा दाखवली.

मुकं जनावर? हे तू लिहितोस? तुझ्या बहिणीच्या लग्नानंतर खंडोबाला दिलेला बोकड बोलका होता काय? माझ्या बापानं त्याला सुरी लावली, मी पाय धरले, तू पहिली कलेजी खाल्लीस. तेव्हा नाही कुणाला कसंतरी वाटलं. चाळीस वर्षं मुलाणी गावासाठी कापत होता तोवर ती रीत होती. मुलाण्याच्या घरात एक कुर्बानी होणार म्हटल्याबरोबर जनावर मुकं झालं?

हल्ली फाटकावर थांबणाऱ्या माणसांच्या तोंडून असलं बोलणं कानावर येतं. त्यांचं मला काही वाटत नाही, ते मला ओळखत नाहीत. पण तू? आपल्या दोघांत हे कधी येईल असं वाटलं नव्हतं. कुणी भरवलं तुझ्या डोक्यात? सोसायटीच्या त्या आप्पा चेअरमननं का?

उपकार पुरे झाले. बोकड अम्माच्या दारात नेऊन बांध. उपाशी राहील, पण आमच्या घरचा राहील.

दस्तगीर मुलाणी


[पोस्टकार्ड]

खळेवाडी
९ जुलै १९८७

दस्तगीर यास नमस्कार. कळवन्यास वाईट वाटतं की तुमचा बोकड मेला. हगवन लागली व्हती. लई विलाज केले. साहेबांनी पंचनामा केला, दाखला दप्तरी हाय. चाचीला सांगितलं. लोभ असावा.

शहादेव


घाटनांदूर
१६ जुलै १९८७

माझ्या शहादेव,

कार्ड वाचलं आणि आधी माझं तोंड आरशात बघितलं. थुंकावंसं वाटलं.

तू माझं आजारी जनावर सांभाळत होतास. त्याचं काही खरं नाही हे तुला दिसत होतं, आणि मला एकदम धक्का बसू नये म्हणून "पुढल्या साली करू" म्हणत होतास. आणि मी त्यात काय काय वाचलं! तुझी जात काढली, खंडोबा काढला, कलेजी काढली. कार्डात तू मला "तुमचा" म्हणालास रे. लहानपणापासून आपण एका ताटात जेवलो, कधी "तुम्ही" ऐकलं नव्हतं. ते मला लागलं, आणि लागायलाच पाहिजे होतं. माफ कर. काकूला यातलं काही सांगू नको, तिच्यापुढं उभं राहायला मला तोंड राहणार नाही.

अम्माचं एक पत्र आलंय, राधाकिशन पोष्टमनकडून लिहून घेतलेलं. ती म्हणते, बोकड मेला नाही. पाण्याला जाताना सोसायटीच्या गोठ्यावरून जावं लागतं, तिथून त्याची हाक ऐकू येते, मी "साहेब" म्हटलं की ओ देतो. शहादेवला विचार, म्हणते. आता काय करावं? डोळे गेले, आता कानही खेळवायला लागले. तिच्यावर रागावू नको. तिला जवळ बसवून तूच नीट समजाव. तुझ्याइतकं माझंही ती ऐकत नाही.

अल्लाची मर्जी नव्हती, दुसरं काय? तू सगळं केलंस. तुझे उपकार मी फेडू शकत नाही.

तुझाच,
दस्तगीर


मु. पाली, ता. बीड
(थोरल्या बहिनीच्या घरून)
२५ जुलै १९८७

दस्तगीर,

तू शिव्या दिल्यास तवा मला बरं वाटलं व्हतं. खरंच सांगतो. आता तू माफी मागितलीस आन माझं जगनं अवघड केलंस.

बोकड जित्ता हाय. चाचीचे कान चांगले हाईत.

समदं लिवतो, मधी थांबलो तर पुन्ना लिवनं व्हायचं न्हाई. जून म्हैन्याच्या पैल्या हप्त्यात सोसायटीच्या नऊ शेळ्या खरंच मेल्या. पारूबाईच्या दोन व्हत्या त्यात. तिला दुसरं काईबी न्हाई, तुला ठावं हाय. वड्याच्या कडंला टाकल्या आन इम्याच्या साहेबाला सांगावा धाडला. साहेब आला चौथ्या दिशी. तवर कुत्र्यांनी कान, बिल्ले समदं नेलं. साहेब म्हनला, कान दाखवा. कान न्हाई म्हंजे शेळी मेली न्हाई. आमी म्हनलं, हाडं दाखवतो. म्हनला, हाडावर नंबर नसतो.

साहेब गेल्यावर आप्पा म्हनला, "शहादेव, आठ दिवसांत नऊ कान पायजेत, तवाच इम्याचा पैसा सुटंल. कुटून आनायचे ते तू बघ." चेअरमननं सांगितलं आन म्या ऐकलं, असं लिवायला लई सोपं हाय. पर कुनाच्या जित्या जनावराचे कान कापायचे हे आप्पानं सांगितलं न्हाई. ती यादी म्या केली. बसून केली, इचार करून केली. ज्याचा मालक भांडंल त्याला हात लावला न्हाई. ज्याचा मालक लांब हाय, न्हाईतर ज्याला दिसत न्हाई, त्याचा कान घेतला. तू घाटनांदूरला. चाचीला दिसत न्हाई. एकशे सतरा नंबर माझ्या यादीत पैला व्हता, दस्तगीर. पैला.

मनात म्हनलं, दोन म्हैन्यांनी मरनारच हाय ते, कानाविना त्याचं काय अडतंय? तुमच्यात असा नेम असतो हे मला ठावंच नव्हतं. जलमभर तुमच्या ईदंचं खाल्लं, पर ताटात आल्यावर. त्याच्या आधी काय बघत्यात, काय पारखत्यात, हे कवा पुसलंच न्हाई म्या.

आन सुरी कुनाची? चाचाची. माझ्या इळ्याला धार नव्हती. चाचीकडं गेलो, म्हनलं खुरं तासायची हाईत. तिनं फडक्यातनं काढून दिली, आन म्हनली, "संबाल के, हात लगंगा." माझ्या हाताची काळजी केली तिनं.

कान कापले ती तारीख अकरा जून. तुझं ते हळद लावायचं पत्र आलं बारा जूनला. म्या ते गोठ्यातच वाचलं. नऊ कान मिठात घालून पिशवीत माझ्या फुडं, आन तू लिवलंय की बाबा, कान सांभाळ. जमीन फाटंल तर बरं, असं वाटलं. पर जमीन तर आधीच फाटल्याली, आन मी हुबाच.

मंग तुला येडंवाकडं लिवलं, मुकं जनावर न् काय न् काय. तू त्यातनं भलतंच काढलंस. तवा कळवायला पायजे व्हतं. पर मला वाटलं, याला मी धर्माचा वैरी वाटलो तर वाटू दे, चोर वाटाया नको. एवढा नीच झालो बघ. म्हनून मंग कार्ड टाकलं. कागदावर मेलाच व्हता, तुलाबी तेच लिवलं.

चार दिवसामागं चाची गोठ्यात आली. काठी टेकत, हाक मारत. बोकडानं ओ दिला. मी गव्हानीमागं लपलो. चाळीशीला आलेला मानूस, लपलो! तिनं त्याच्या पाठीवरनं, मानंवरनं हात फिरवला, डोक्यावर आनला. उजवा कान धरला. डाव्या कानावर हात गेला आन तितंच थांबला. लई येळ थांबला. तिला वास येतो का काय, मी हाय हे तिला कळलं. तोंड न फिरवता एवढंच इचारलं, "काटने के पैले पानी पिलाया था क्या रे?"

तुला आठवतं न्हवं? बहात्तर साली तांब्याला म्हाग झालतं पानी, तवाबी चाचा जनावराला पानी पाजल्याबिगर सुरी बाहेर काढत नसं. आपून दोघं पातेलं धरायचो. आपल्या वाट्याचं पाजायचा त्यो.

म्या म्हनलं, "न्हाई, चाची." ती गेली. तिनं कानाखाली मारली असती तर मी गावात ऱ्हायलो असतो. दुसऱ्या दिशी बोकड तिच्या दारात बांधला, सुरी उंबऱ्यावर ठिवली, आप्पाकडं राजीनामा टाकला आन इकडं बहिनीकडं आलो. आईला खोटंच सांगितलं, बंधाऱ्यावर काम मिळालं म्हून.

आजून एक हाय. चाचीनं मला शपथ घातलती, ती मोडतो. "चाची मजेत हाय" असं लिवायचो ते तिनंच सांगितलेलं. ती रोजगार हमीच्या कामावर जाती. खडी फोडनाऱ्या बायांना पानी पाजती, डोक्यावर घागर, पुढं पारूबाईची लेक हात धरून. चार म्हैने झाले. चांदीच्या पाटल्या पोळ्याच्या आधीच गेल्या, त्यातनंच त्यो बोकड आला. "दस्तगीर को मत बता, उसकी घरवाली क्या बोलेगी," म्हनती. हे तुला टोचाया लिवत न्हाई. टोचायचा माझा अधिकार गेला. पर तुला कळाया पायजे.

माझं तोंड बघू नको.

शहादेव


मु. खळेवाडी
९ ऑगस्ट १९८७

शहादेव,

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा फाडलं. मग तुकडे जुळवून पुन्हा वाचलं. तू समोर असतास तर मी तुला मारलं असतं, हे लिहून ठेवतो, म्हणजे नंतर मी फार भला माणूस होतो असं कुणी म्हणायला नको. यादीत पहिला!

मास्तरांच्या पाया पडून रजा काढली. आधी अंबाजोगाईला उतरलो, मौलवीसाहेबांकडं. सगळं सांगितलं. कान बिल्ल्यासकट कापलाय, कुणी कापला ते सोडून सगळं. मनात ठरवून गेलो होतो की ते नाही म्हणणार, आणि मी वाटेत कुठून तरी दुसरा बोकड घेऊन जाणार, आणि तुझ्या नावानं आयुष्यभर बोटं मोडणार.

ते म्हणाले, "घेताना धड होता?"

म्हटलं, हो.

"कुर्बानीच्या नियतीनंच घेतला होता?"

हो.

"जनावर कुणाचं? तुझं की आईचं?"

"अम्माचं. तिच्या पाटल्यांतून घेतलेलं."

मग त्यांनी विचारलं, तिच्याकडं काय आहे? साडेबावन्न तोळे चांदीइतकं काही आहे का, दागिना, जमीन, शिल्लक? मी म्हटलं, काही नाही. घर पडकं, डोळे गेलेले, पाण्याची घागर दुसऱ्याची. ते म्हणाले, "कुणी कमावणारा नाही का घरात?"

शहादेव, मी त्या सतरंजीवर बसलो होतो. अंगात रेल्वेची वर्दी. काढून ठेवायचंही सुचलं नव्हतं. म्हटलं, "आहे. मी."

ते माझ्याकडं बघत राहिले नाहीत, तेवढी मेहरबानी केली. तसबीहचे दोन-चार मणी ओढले आणि सांगितलं, मालदार माणूस असता तर त्याला दुसरं धड जनावर आणावं लागलं असतं. गरिबानं नियतीनं धड जनावर घेतलं आणि नंतर त्याला खोट आली, तर त्याचं तेच चालतं. "तुझी आई गरीब आहे. तिची कुर्बानी जायज आहे. जा, फिकीर करू नको."

फिकीर करू नको! तिथून बाहेर पडलो आणि स्टँडच्या मागं जाऊन रडलो. तुझ्या करणीनं अडलेली कुर्बानी माझ्या करणीनं सुटली. माझी आई भिकेला लागली नसती तर ती कुर्बानी झालीच नसती. "एकटा जीव, लागतं किती" असं मीच तुला लिहिलं होतं ना? अब्बा गेल्यापासून मी तिला एक पैसा पाठवला नाही. मागितलं नाही, म्हणून पाठवलं नाही. घरात नवा रेडिओ आणला. आता सांग, तुझी यादी मोठी की माझी?

घरी पोचलो तर अम्मा दारात बोकडाला भाकरीचे कुटके भरवत होती. मौलवींनी काय सांगितलं ते सांगावं लागलं. "गरीब" हा शब्द कसा उच्चारू कळेना. मी म्हटलं, तुझं जनावर चालतं म्हणाले. ती लगेच म्हणाली, "हां, गरीब का चलता." तिला माहीत होतं रे! अब्बांनी कधीकाळी सांगितलेलं. कान हाताला लागला त्याच दिवशी तिनं मनात हिशेब लावला होता की चालेल. फक्त मी येऊन काय तोंडानं सांगतो, ते तिला ऐकायचं होतं.

ईदच्या दिवशी नमाज झाल्यावर अंगणात आम्ही सहा-सात जण. पारूबाई आली होती. केसरबाई काकू आली, तू दिसत नाहीस म्हणून रागावून. तिला मी काही सांगितलं नाही. अम्मानं डेऱ्यातलं उरलेलं सगळं पाणी पातेल्यात ओतलं. दोन दिवस टँकर आला नव्हता, पारूबाई "अगं थोडं ठेव" म्हणाली, पण नाही. बोकड सावकाश प्याला. तो पीत होता तोवर अम्मा त्याच्या कापलेल्या कानावर पदराचं टोक धरून बसली होती, माशा बसू नयेत म्हणून. एवढा वेळ आणि एवढं पाणी.

सुरी माझ्या हातात. मुलाण्याचा मुलगा, चाळिशीला टेकलेला, आणि जन्मात कोंबडीसुद्धा कापलेली नाही. अम्मानं चाचपडत माझं मनगट धरलं आणि अब्बाचं नाव घेतलं. त्यांच्या नावानं ते झालं. झाल्यावर ती म्हणाली, "हो गया, मुलानी. अब सो जाव." अब्बाशी बोलत होती.

आप्पा चेअरमन दुरून बघत होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "कागदावर तो दोन महिन्यांमागंच मेलाय, मुलाणी. मेलेला दुसऱ्यांदा कापलास, जरा तोंड बंद ठेव." मी म्हटलं, शहादेव आला की आम्ही दोघं मिळून गेवराईला जाऊ आणि विम्याच्या साहेबाला खरं काय ते सांगू. नऊ शेळ्या खऱ्याच मेल्या होत्या, तेही सांगू. तुझ्या वतीनं बोललोय. नको असेल तर मला खोटा पाड.

आता मुख्य गोष्ट. मटणाचे तीन हिस्से केले. गरिबांचा वाटला. घरचा ठेवला, तो अम्मानं निम्माअधिक पारूबाईला देऊन टाकला. तिसरा सोयऱ्या-दोस्तांचा. त्यातला तुझा वाटा अम्मानं वेगळा काढला, हळदमीठ लावून दोरीवर वाळत घातला. मला राग आला. म्हटलं, अम्मा, त्याला कशाला? ज्यानं कान कापला त्याला? तर म्हणाली, "तिसरा हिस्सा दोस्ताचा असतो. चांगल्या दोस्ताचा, असं कुठं लिहिलंय?"

मी उठून दोरी ताणून बांधली. कारण तिच्या ताटातला हिस्सा मीही खाल्ला होता, आणि चांगल्या मुलाचा असंही कुठं लिहिलेलं नाही.

चार दिवस झाले, ढग येतात, पाऊस नाही, मटण कडक वाळलंय. ती दोरीखाली बसून काठी हलवते. कावळा दिसत नाही तिला, तरी हलवते. येणारा-जाणारा विचारतो, कुणाचं वाळत घातलंय? ती मोठ्यानं सांगते, "शहादेवचं. गावाला गेलाय, येईल."

अंबाजोगाईला तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरवलंय. मंगळवार, १८ तारीख मिळाली आहे. माझी रजा तोवरच आहे. आणि ती उठायला तयार नाही. तू येऊन आपला हिस्सा हातानं नेल्याशिवाय घर सोडणार नाही म्हणते. मी दोनदा ओरडलो, एकदा पाया पडलो.

तेव्हा तोंड दाखवायची लाज वाटते वगैरे तुझ्याजवळ ठेव. मला काय कमी वाटते? मी हिच्यासमोर रोज बसतोय. सोमवारच्या आत ये. येताना तिथल्या बिंदुसरेच्या धरणाचं एक कॅन पाणी आण, जमेल तेवढं. डेरा अजून रिकामा आहे.

दस्तगीर